बदल आपलासा होतो तेव्हा

समाधानी आयुष्याचा विचार मानसशास्त्रात दोन अंगांनी केला जातो. एक अंग सुखाचे: दिवस आनंदात जावा, दुःख कमी वाट्याला यावे, हवे ते मिळावे. दुसरे अंग सार्थकतेचे: आपल्या हातून काही मोलाचे घडते आहे, आपली कोणाला तरी गरज आहे, कालच्यापेक्षा आज आपण थोडे पुढे सरकलो आहोत, ही जाणीव. ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटल याने या दुसऱ्या अंगाला 'युडायमोनिया' म्हटले. मराठीत 'जन्माचे सार्थक' हा जुना आणि नेमका शब्दप्रयोग आहे. दोन्ही गोष्टी पुष्कळदा एकत्र नांदतात, पण नेहमीच नाही. तान्ह्या बाळासाठी रात्ररात्र जागणाऱ्या आईचे दिवस सुखाचे नसतात, तरी सार्थ असतात.

या दोन्ही अंगांची परीक्षा बदलाच्या वेळी होते. पाऊस फिरतो, धंदा बसतो, मुले शहरात जातात, शरीर थकते, जवळचे माणूस सोडून जाते. जुनी घडी मोडते आणि नवी बसवावी लागते. काही माणसे आणि काही गावे या वेळी खचतात, काही उभी राहतात. हा फरक केवळ स्वभावाचा किंवा नशिबाचा नसतो. माणूस बदलाला विरोध का करतो, तो कोणत्या परिस्थितीत बदल स्वीकारतो आणि स्वीकारलेला बदल कशाने टिकतो, यावर गेल्या शंभर वर्षांत बरेच संशोधन झाले आहे. ते समजून घेण्यासाठी खानदेशातील एका पाड्याचा अनुभव फार उपयोगी पडतो.

साक्री तालुक्यातील एक पाडा

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या डोंगररांगांत आहे. गुजरातच्या सीमेलगतच्या या पट्ट्यात बारीपाडा हा छोटा आदिवासी पाडा वसला आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस पाड्याभोवतीचे जंगल जवळजवळ संपले होते. तोडलेले लाकूड विकणे आणि मोहाची दारू गाळणे हे अनेक घरांचे रोख उत्पन्नाचे साधन होते. डोंगर उघडा पडल्यामुळे पावसाचे पाणी माती घेऊन वाहून जाई. उन्हाळ्यात विहिरी आटत आणि बायकांची पाण्यासाठी वणवण सुरू होई. शेती एका पावसावर अवलंबून होती. ती हंगामभर पुरत नसल्याने माणसे मजुरीसाठी बाहेर पडत.

चैत्राम पवार हा या पाड्यातील तरुण वाणिज्य शाखेचे शिक्षण घेऊन नोकरीच्या मागे न जाता गावातच राहिला. जवळच्या वारसा गावात वनवासी कल्याण आश्रमाचे काम करणारे डॉ. आनंद फाटक यांचा आणि त्याचा संबंध आला. पाण्याचा प्रश्न सोडवायचा तर आधी जंगल राखले पाहिजे, ही गोष्ट बोलण्यातून स्पष्ट होत गेली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला गावाने एकत्र बसून जंगल राखण्याचे ठरवले. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आली. जंगलात बैलगाडी नेण्यास मनाई झाली, कारण गाडी आत गेली की लाकूड बाहेर येणारच. नियम मोडणाऱ्याला दंड आणि तोड करणाऱ्याची माहिती देणाऱ्याला बक्षीस ठरले. राखणीला गावचीच माणसे नेमली गेली. दारू बंद करण्याचाही निर्णय झाला. श्रमदानातून डोंगरउतारावर दगडी बांध घातले गेले, चर खोदले गेले.

आज बारीपाड्याने राखलेले जंगल चारशे हेक्टरांहून अधिक आहे. विहिरींना पाणी टिकते आणि टंचाईच्या काळात शेजारच्या गावांनाही ते दिले जाते. भाताची लागवड सुधारली आणि इंद्रायणी तांदूळ गावाचे ओळखीचे पीक झाले. कामासाठीचे स्थलांतर थांबले. २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीने गावाच्या कामाला पुरस्कार दिला आणि २०२५ मध्ये चैत्राम पवार यांना पद्मश्री जाहीर झाली.

या कहाणीकडे सहसा पर्यावरणाचे किंवा ग्रामविकासाचे उदाहरण म्हणून पाहिले जाते. ती मानसशास्त्राचीही आहे. ज्या लोकांचे पोट लाकडावर चालत होते, त्यांनीच कुऱ्हाड खाली ठेवली. असा बदल मनात कसा घडतो, हा या लेखाचा प्रश्न आहे.

मन बदलाला आडवे का येते

बदलाला विरोध करणाऱ्या माणसाला आळशी, अडाणी किंवा हटवादी म्हणण्याची पद्धत आहे. संशोधन वेगळे सांगते. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार माणसाला मिळकतीच्या आनंदापेक्षा गमावण्याचे दुःख अधिक जाणवते. त्यांच्या पुढच्या मोजमापात हे वजन साधारण दुप्पट आले. शंभर रुपये हरवल्याची हळहळ शंभर रुपये सापडल्याच्या आनंदाहून मोठी असते, ती यामुळे. बदलात बहुधा तोटा आजचा आणि खात्रीचा असतो, फायदा उद्याचा आणि अंदाजाचा. जंगल राखले तर दहा वर्षांनी पाणी वाढेल, पण आज संध्याकाळी विकायला मोळी नसेल. मोळी विकणाऱ्याला या हिशेबात नकार द्यावासा वाटला तर त्यात मूर्खपणा नाही. कानमन यांना पुढे २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते निर्णयाच्या अशाच अभ्यासासाठी.

दुसरे कारण 'आहे ते बरे' ही वृत्ती. १९८८ मध्ये विल्यम सॅम्युएलसन आणि रिचर्ड झेकहाउझर या अमेरिकी अभ्यासकांनी दाखवले की, अनेक पर्यायांपैकी एक पर्याय 'सध्या चालू असलेला' म्हणून समोर ठेवला, तर लोक त्याच्याकडेच अधिक झुकतात. चालू गोष्ट चुकली तर दोष नशिबाला देता येतो, नवी गोष्ट चुकली तर दोष स्वतःवर येतो. पश्चात्तापाची ही भीती माणसाला जागेवर खिळवून ठेवते.

तिसरे कारण सवय. रोजची बहुतेक कामे विचार करून होत नाहीत, ती अंगवळणी पडलेली असतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांवर केलेल्या अभ्यासात नवी साधी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असा अंदाज निघाला. मात्र माणसामाणसांतील आणि सवयीसवयींतील फरक फार मोठा होता: कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणासाठी अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. एकवीस दिवसांत आयुष्य बदलण्याचे जे सल्ले सर्रास दिले जातात, त्यांना या आकड्यांचा आधार नाही. अधूनमधून एखादा दिवस चुकला तरी सवय मोडत नाही, हेही याच अभ्यासात दिसले. ही गोष्ट धीर देणारी आहे.

चौथे कारण सर्वांत खोल आहे. काम हे केवळ उत्पन्न नसते, ती ओळख असते. पिढ्यान्‌पिढ्या जे केले ते सोडायला सांगणे म्हणजे 'तू कोण' या प्रश्नाचे उत्तर काढून घेणे. म्हणून बदलाबरोबर एक प्रकारचे सुतक येते. विल्यम ब्रिजेस या अमेरिकी लेखकाने १९८० मध्ये मांडले की, प्रत्येक स्थित्यंतराची सुरुवात शेवटापासून होते: आधी जुने संपते, मग एक अधांतरी काळ येतो आणि त्यानंतरच नव्याचा आरंभ होतो. जे संपले त्याचे दुःख करायला जागा न देता नव्याचे ढोल वाजवले, तर मन मागेच अडकून राहते.

सांगून बदलत नाही, ठरवून बदलते

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मांसाचा तुटवडा होता. गृहिणींनी काळीज, गुर्दा यांसारखे भाग रांधावेत अशी सरकारची इच्छा होती, पण घरोघरी त्यांच्याबद्दल किळस होती. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने यासाठी एक प्रयोग केला. काही गटांतील महिलांना पोषणमूल्ये, काटकसर आणि पाककृती यांवर उत्तम व्याख्यान दिले गेले. दुसऱ्या गटांना तीच माहिती चर्चेतून मिळाली. 'आपल्यासारख्या गृहिणींना यात कोणत्या अडचणी येतील?' असे त्यांना विचारले गेले आणि शेवटी करून पाहण्यास कोण तयार आहे, हे सर्वांसमोर हात वर करून ठरले. पुढे चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के महिलांनी तो पदार्थ केला होता. चर्चा करून ठरवलेल्या गटांत हे प्रमाण ३२ टक्के होते.

माहिती दोन्हीकडे तीच होती. फरक होता तो निर्णय कोणाचा, यात. व्याख्यानात माणूस एकटा ऐकतो आणि एकटाच घरी जातो. चर्चेत त्याची अडचण उघड होते, तीच अडचण शेजारणीलाही आहे हे कळते आणि निर्णय चारचौघांत झाल्याने तो पाळण्याची आपोआप जबाबदारी येते. लेविनने बदलाचे तीन टप्पे सांगितले: गोठलेले वितळवणे, बदलणे आणि नव्या रूपात पुन्हा गोठवणे. यातला पहिला टप्पा गटातच सोपा होतो, कारण माणसाच्या सवयी गटाच्या रीतीला बांधलेल्या असतात. एकट्याने रीत मोडणे अवघड असते, पण रीतच बदलली तर एकट्याला काही मोडावे लागत नाही.

बारीपाड्यात हेच घडले. जंगलतोडीविरुद्ध कायदा आधीपासून होता, वनखाते होते, दंडही होता. तरी जंगल संपत गेले, कारण कायदा बाहेरचा होता आणि त्याला चुकवण्यात कोणाला कमीपणा वाटत नव्हता. कुऱ्हाडबंदी गावाने केली तेव्हा चोरून झाड तोडणे म्हणजे शेजाऱ्याची फसवणूक झाली. झाड तेच, कुऱ्हाड तीच, पण कृतीचा अर्थ बदलला.

मनाच्या तीन भुका

असा बदल माणसाला समाधान का देतो, याचे उत्तर एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या स्वयंनिर्णय सिद्धान्तात मिळते. १९७०च्या दशकापासून त्यांनी विकसित केलेल्या या सिद्धान्ताप्रमाणे शरीराला जशी अन्नपाण्याची गरज असते, तशा मनाच्या तीन मूलभूत गरजा असतात. पहिली स्वायत्ततेची: आपले निर्णय आपण घेतो ही जाणीव. दुसरी क्षमतेची: हे मला जमते ही खात्री. तिसरी आपुलकीची: माझी माणसे आहेत आणि मी त्यांचा आहे हा विश्वास. या तिन्ही गरजा भागल्या की माणूस कष्टाचे कामही मनापासून करतो. त्या मारल्या गेल्या की पगार, बक्षीस किंवा धाक यांनी काम करून घेता येते, पण त्यात जीव राहत नाही.

स्वायत्ततेची गरज किती खोल असते, हे १९७६ मध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन यांनी अमेरिकेतील एका वृद्धाश्रमात तपासले. एका मजल्यावरील वृद्धांना सांगण्यात आले की, आपल्या खोलीची मांडणी आणि आपला वेळ यांचा निर्णय तुमचा आहे. त्यांना एक रोपटे निवडून घ्यायला दिले आणि त्याची देखभाल त्यांच्यावर सोपवली. दुसऱ्या मजल्यावरील वृद्धांनाही रोपटे मिळाले, पण तुमची आणि रोपट्याची सगळी काळजी कर्मचारी घेतील, असे सांगितले गेले. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरचे वृद्ध अधिक उत्साही, सावध आणि आनंदी आढळले. आजारी आईवडिलांची सेवा करणाऱ्या घरांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा. 'तुम्ही काही करू नका, नुसते बसा' हे प्रेमाने म्हटलेले वाक्य माणसाच्या हातून त्याचे आयुष्य काढून घेऊ शकते.

क्षमतेची गरज लहान यशांनी भागते. कॅनडात जन्मलेले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये 'स्वक्षमतेवरचा विश्वास' ही संकल्पना मांडली. हा विश्वास उपदेशाने थोडा येतो, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमलेले पाहून अधिक येतो आणि स्वतः करून पाहिल्याने सर्वांत पक्का होतो. दगडी बांध हे याचे चांगले उदाहरण आहे. एक बांध चार माणसे थोड्या वेळात घालू शकतात. पहिल्या पावसात त्यामागे माती अडलेली डोळ्यांना दिसते. चारशे हेक्टर जंगल उभे करणे कोणालाच शक्य वाटणार नाही, एक बांध घालणे कोणालाही शक्य वाटते. आणि एक जमला की दुसरा घालावासा वाटतो.

आपुलकीच्या गरजेबद्दलचा पुरावा फार दीर्घ काळाचा आहे. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ मध्ये सुरू झालेला एक अभ्यास त्याच माणसांच्या आयुष्याचा पाठपुरावा ऐंशीहून अधिक वर्षे करत आला आहे. पैसा, कीर्ती, बुद्धी यांपेक्षा जिव्हाळ्याची नाती उतारवयातील आरोग्याशी आणि समाधानाशी अधिक जोडलेली असतात, हा त्याचा ठळक निष्कर्ष आहे. श्रमदान, गावसभा, सामाईक राखण यांमधून बांधाइतकेच नात्यांचेही काम होते. पंगतीला बसलेल्यांपेक्षा खांद्याला खांदा लावून दगड वाहिलेल्यांची ओळख वेगळी असते.

मधला काळ आणि टिकवण्याचे काम

जेम्स प्रोचास्का आणि कार्लो डिक्लेमेंटी यांनी १९८०च्या दशकात धूम्रपान सोडणाऱ्यांच्या अभ्यासातून बदलाच्या पायऱ्या सांगितल्या: प्रश्नाची जाणीवच नसणे, विचार सुरू होणे, तयारी, कृती आणि टिकवणे. माणूस या पायऱ्या सरळ चढत नाही. तो घसरतो, पुन्हा चढतो. तंबाखू सोडलेला माणूस लग्नाच्या मांडवात एक चिमूट घेतो आणि 'आपल्याच्याने होणार नाही' असे ठरवून टाकतो. चूक त्या चिमटीपेक्षा या निष्कर्षात अधिक आहे. घसरणे हा बदलाच्या वाटेचाच भाग आहे, असे मानणारी माणसे पुन्हा उभी राहतात.

सर्वांत कठीण असतो तो मधला काळ. जुने उत्पन्न बंद झालेले, नवे अजून हाती न आलेले. जंगल वर्षा-दोन वर्षांत वाढत नाही. या काळात बदल टिकवायला निश्चय पुरत नाही, व्यवस्था लागते. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकी अभ्यासिकेने जगभरच्या सामाईक जंगलांचा, कुरणांचा आणि पाटबंधाऱ्यांचा अभ्यास करून १९९० मध्ये ग्रंथ लिहिला आणि २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारी ती पहिली महिला ठरली. दीर्घ काळ टिकलेल्या व्यवस्थांत तिला काही गोष्टी सारख्या आढळल्या: नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असतात, राखण त्यांची स्वतःची असते, दंड चुकीच्या प्रमाणात वाढत जातो आणि तंटा गावातच स्वस्तात मिटतो.

खानदेशाला ही रीत नवी नाही. पांझरा आणि तिच्या शेजारच्या नद्यांवर फड पद्धतीची सिंचनव्यवस्था काही शतके चालत आली. नदीवर बंधारा घालून पाणी पाटाने शेतांकडे वळवायचे, लाभक्षेत्राचे फड पाडायचे आणि एका फडात एका हंगामात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, अशी तिची मांडणी. पाणी वाटायला पाटकरी असे आणि देखरेख शेतकऱ्यांच्या पंचांकडे. आपल्या शेतात काय पेरायचे याचे स्वातंत्र्य प्रत्येकाने थोडे सोडले, म्हणून पाणी सर्वांच्या शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचले. स्वायत्तता म्हणजे मनाला येईल तसे वागणे नव्हे. सर्वांबरोबर बसून केलेला नियम स्वतः पाळणे, हीही स्वायत्तताच आहे. बारीपाड्याची कुऱ्हाडबंदी या जुन्या शहाणपणाच्या जवळची आहे.

मिळकतीपलीकडचे समाधान

बदलातून परिस्थिती सुधारली की समाधान कायमचे वाढते का? १९७८ मध्ये फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी लॉटरीत मोठे बक्षीस लागलेल्या २२ जणांची इतरांशी तुलना केली. बक्षीस लागलेले लोक शेजाऱ्यांपेक्षा लक्षणीय सुखी नव्हते आणि रोजच्या छोट्या गोष्टींतला आनंद त्यांना कमी वाटत होता. अभ्यास लहान होता, पण त्याने पुढच्या मोठ्या संशोधनाला दिशा दिली. नव्या घराचे, नव्या गाडीचे, वाढलेल्या पगाराचे कौतुक काही महिन्यांत ओसरते. मनाला मिळालेल्याची सवय होते.

सार्थकतेचे झरे इतक्या लवकर आटत नाहीत. कॅरल रिफ या मानसशास्त्रज्ञेने १९८९ मध्ये मानसिक स्वास्थ्याची सहा अंगे सांगितली: स्वतःचा स्वीकार, इतरांशी चांगले नाते, स्वायत्तता, भोवतालावर पकड, जगण्याचा हेतू आणि स्वतःची वाढ. यातील एकही अंग विकत मिळत नाही, आणि प्रत्येकाला रोज खतपाणी घालावे लागते.

बारीपाड्यात २००४ पासून भरणारी वनभाजी स्पर्धा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. जंगलात मिळणाऱ्या रानभाज्या, कंद, फुले यांचे पदार्थ परिसरातील आदिवासी महिला रांधून आणतात, त्यांची माहिती सांगतात आणि परीक्षक त्यांना गुण देतात. कोणता पाला कोणत्या महिन्यात खावा, कोणता कंद किती वेळा उकळावा, हे ज्ञान त्यांच्याकडे पिढ्यांचे होते. पण बाजाराच्या भाज्या आल्यावर ते गरिबीची खूण समजले जाऊ लागले होते. स्पर्धेने त्याच ज्ञानाला मान दिला. जंगल राखल्याने भाज्या परत आल्या आणि भाज्या परत आल्याने ते ज्ञान असलेल्या बायकांची पत वाढली. बदल स्वीकारताना जुने सगळे टाकून द्यावे लागत नाही, हे यातून दिसते. उलट, जुन्यातले काही हाताशी असेल तर नव्यात पाय रोवता येतो.

जो बदल निवडता येत नाही

जंगल राखण्याचा बदल गावाने निवडला. पण आयुष्यातले अनेक बदल कोणी विचारून करत नाही. अपघात, आजार, वैधव्य, गारपीट यांना संमती लागत नाही. अशा वेळी स्वायत्तता उरते ती फार थोड्या जागेत.

व्हिक्टर फ्रँकल या व्हिएन्नातील मनोविकारतज्ज्ञाला नाझी राजवटीत १९४२ ते १९४५ अशी जवळपास तीन वर्षे छळछावण्यांत काढावी लागली. आईवडील, भाऊ आणि पत्नी त्याने गमावली. सुटकेनंतर १९४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्याने मांडले की, परिस्थितीवर ताबा नसला तरी तिच्याकडे कोणत्या भूमिकेतून पाहायचे, हे माणसाच्या हाती उरते आणि ज्याच्या जगण्याला हेतू आहे तो फार मोठे दुःख पेलू शकतो. त्याच्या उपचारपद्धतीचा पाया अर्थाचा शोध हाच आहे.

खानदेशाने हीच गोष्ट आपल्या मातीत पाहिली आहे. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना ऐन तिशीत वैधव्य आले. लिहिता-वाचता न येणाऱ्या या शेतकरी बाईने मुले वाढवली, शेतात राबली आणि जात्यावर, शेतात काम करता करता गाणी रचली. १९५१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या कवितांचा संग्रह प्रसिद्ध झाला. मनाची चंचलता, संसाराचे चटके आणि पेरणीची आशा यांकडे इतक्या स्वच्छ नजरेने पाहणारी ही स्त्री कोणत्याही मानसशास्त्राच्या पुस्तकापर्यंत पोचलेली नव्हती. दुःख तिने नाकारले नाही आणि त्याच्यापुढे मानही तुकवली नाही. तिने त्याला शब्द दिले. दुःखाला शब्द देणे ही त्यावर ताबा मिळवण्याची पहिली पायरी आहे, हे आजचे मानसोपचारही मानतात.

महाराष्ट्रात रुजलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती या कामी रोजच्या वापराचे साधन देते. अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात अमेरिकेत ती मांडली. डॉ. कि. मो. फडके यांनी ती मराठीत आणली आणि ठाण्यात १९९० मध्ये सुरू झालेल्या 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' या संस्थेचे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी तिचा मोठा प्रसार केला. तिचे सूत्र साधे आहे: घटना आणि भावना यांच्या मध्ये विचार असतो. काढणीला आलेल्या कांद्यावर गारपीट झाली, ही घटना. 'असे व्हायलाच नको होते, आता सगळे संपले' हा विचार आला तर मन खचते. 'फार मोठे नुकसान झाले, हे वर्ष कठीण जाईल, आता काय वाचवता येईल ते पाहू' हा विचार आला तर दुःख होते, पण हातपाय चालू राहतात. दुःख दोन्हीकडे आहे. पहिल्या विचारात जगाने आपल्या मनाप्रमाणे चालावे हा हट्ट आहे, दुसऱ्यात वस्तुस्थितीचा स्वीकार आहे.

येथे एक मर्यादा स्पष्ट करायला हवी. स्वीकार म्हणजे अन्याय निमूट सोसणे नव्हे. मारहाण करणारा नवरा, मजुरी बुडवणारा मुकादम, जातीवरून होणारा अपमान या गोष्टी मनाची भूमिका बदलून सोडवायच्या नसतात, त्या बाहेरच बदलायच्या असतात. तसेच नैराश्य हा आजार आहे. झोप, भूक, कामातली गोडी आठवडे-आठवडे हरवली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर उपदेशापेक्षा उपचार हवा. केंद्र सरकारच्या 'टेलिमानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते.

घरापुरता आणि गावापुरता धडा

या सर्व संशोधनातून आणि अनुभवातून रोजच्या जगण्यासाठी काही गोष्टी हाती लागतात. बदलाला विरोध करणाऱ्याला दोष देण्याआधी तो काय गमावणार आहे हे विचारावे. घरातला किंवा गावातला निर्णय ज्यांना पाळायचा आहे, त्यांना ठरवतानाच सोबत घ्यावे. मोठ्या संकल्पाचे तुकडे करावेत आणि पहिला तुकडा इतका लहान ठेवावा की तो याच आठवड्यात पुरा होईल. घसरल्यावर नव्याने सुरुवात करणे हे अपयश मानू नये. निश्चयावर विसंबून न राहता राखण, वेळ, सोबती यांची व्यवस्था करावी. जुन्यातले जे मोलाचे आहे ते नव्यात सोबत न्यावे. आणि जो बदल टळत नाही, त्याचे दुःख मोकळेपणाने करून मग उरलेल्या जागेत काय करता येईल ते पाहावे.

बारीपाड्याने कुऱ्हाडबंदी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला केली आणि पद्मश्रीची बातमी २०२५ मध्ये आली. मधली तीसहून अधिक वर्षे बांध घालण्यात, राखण करण्यात, दंड वसूल करण्यात आणि गावसभेत बसण्यात गेली. पुरस्कार त्या वर्षांचा आहे, आणि त्या वर्षांत गावाला मिळालेले समाधान कोणत्याही पुरस्काराच्या आधीचे आहे.